बाबांच्या शेजारची जागा

प्रिय आई,

आणि त्या जागेबद्दल आता मला पुन्हा समजवायला जाऊ नकोस. मोक्याची आहे, सकाळचं ऊन येतं, पाणी साचत नाही, शेजार चांगला आहे. आई, तू काय भाड्याने खोली घेतलीस का? कबर घेतलीस! मी ऑपरेशनसाठी पैसे पाठवले आणि तू ते घेऊन दवाखान्याच्या दारावरून सरळ पुढे गेलीस आणि दफनभूमीत जागा धरून आलीस. मावशीने फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, ही नेहमीसारखी तिखटमीठ लावतेय. मी हसलोसुद्धा. मग तुझंच पत्र आलं. त्यात तू असं लिहिलंस, जणू लॉटरी लागली. मास्तरांच्या पोरांनी यंदा पैसे भरले नाहीत, त्यांची कबर उघडली, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात गेली, बाबांच्या शेजारची जागा रिकामी झाली आणि दुसरं कोणी यायच्या आत मीच गाठली. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकतात तसा तू मास्तरांच्या जागेवर रुमाल टाकलास. बिचाऱ्यांनी मला दोन वर्षं पाढे शिकवले. मला ते आले नाहीत हा भाग वेगळा.

मला नियम माहीत नाही असं नाही. जमीन थोडी आणि मेलेले जास्त. मुदत संपली की पैसे भरा, नाहीतर जागा सोडा. बाबांची मुदत वाढवायला तू दर वेळी किती फ्रॉक शिवलेस, लोकांचे किती झगे उसवून पुन्हा जोडलेस, ते मी मशीनच्या पायाशी बसून बघितलंय. तेव्हा मी कधी काही बोललो नाही. पण हे पैसे त्यासाठी नव्हते. हे तुझ्या गाठीसाठी होते. घे, लिहिला शब्द. तू एकाही पत्रात तो लिहिला नाहीस. थोडं दुखतं म्हणालीस, वयाचं आहे म्हणालीस, मशीनवर वाकून होतं म्हणालीस. मावशी फोनवर रडली नसती तर मला काही कळलंच नसतं, आणि मावशी तर स्वतःच्या नवऱ्याच्या वेळीही रडली नव्हती. उलट पेटी वाकडी उचलली म्हणून खांदा देणाऱ्यांनाच बोलली होती.

तू म्हणतेस, शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, कबरी उघडतील, तेव्हा डोळे उघडल्याबरोबर शेजारी तुझे बाबा दिसले पाहिजेत, एवढ्या गर्दीत त्यांना कुठे शोधत फिरू. मी हे वाचत होतो तेव्हा आमच्या कामगारांच्या खोलीतला शेजारच्या खाटेवरचा पोपट (बोलायला लागला की थांबत नाही, म्हणून सगळे त्याला पोपटच म्हणतात) मला म्हणाला, अरे रडतोस की हसतोस, एक काहीतरी नक्की कर. मला दोन्ही एकदम येत होतं. आई, एक सांग. त्या दिवशी कबर रिकामीच व्हायची आहे ना? मग रिकाम्या व्हायच्या खोलीला एवढं आगाऊ भाडं कशाला? प्रभूला कुठे स्वतःची कबर होती? उसनी होती. कुणा श्रीमंताने दिलेली, आणि तीही प्रभूने तिसऱ्या दिवशी परत केली, कापडाची घडी घालून. तू त्याच्या मागून चालणारी बाई, आणि तुला मात्र मालकीची पाहिजे!

वाचताना तू चष्मा कपाळावर सरकवशील आणि म्हणशील, कार्ट्याची जीभ बघा. म्हण. मावशीपुढे वाचून दाखव, ती माझ्या बाजूने आहे.

काम कसं चाललंय विचारलं होतंस. सध्या नुसत्या पांढऱ्या लिली आहेत. मोठमोठी काचघरं, एकाला एक लागून, आणि आत नजर जाईल तिथवर कुंड्या. या लिली ईस्टरसाठीच वाढवतात, चर्चमध्ये वेदीपुढे मांडायला. पण ईस्टर दर वर्षी हलतो, कधी लवकर तर कधी उशिरा, आणि कंदाला काही कॅलेंडर कळत नाही. ते कळून घ्यायला आम्ही. कळी घाईने फुगायला लागली की कुंडी उचलून थंड खोलीत न्यायची, तिला थोपवून धरायचं. मागे पडली तर गरम काचघरात दिव्याखाली ठेवून तिला पुढे ढकलायचं. मुकादम पट्टी घेऊन कळ्या मोजत फिरतो आणि ओरडतो, ही पळतेय, हिला आत टाका, ही झोपलीय, हिला बाहेर काढा. मी दोन्हीकडे पळतो. खरं सांगू, तेच मला बरं पडतं. एका जागी बसवलं तर या दिवसांत मी काय करेन सांगता येत नाही. चुकून आधीच फुललेली कुंडी कुणी विकत घेत नाही, ती मागच्या ढिगावर जाते. आणि फूल उघडलं की त्यातले पिवळे केसर एकेक करून खुडायचे, नाहीतर पांढऱ्या पाकळीवर डाग पडतो, वेदीच्या कापडावरही पडतो. माझी बोटं पार पिवळी झालीत. साबणाने जात नाही. या कागदावर ठसे दिसतील, ते त्याचेच.

मागे तू लिहिलं होतंस की पाळकसाहेबांनी उपदेशात कंदाचा दाखला दिला. कंद मातीत पुरला जातो, मरतो, आणि थंडी सरली की शुभ्र होऊन उठतो. आणि खाली तू लिहिलंस, भिंगरी, तू किती भाग्याचा, तुला तर रोज पुनरुत्थान बघायला मिळतं. पाळकसाहेब भला माणूस आहे, बाबा गेले तेव्हा आपल्या ओट्यावर येऊन माझ्याशी गोट्या खेळत बसले होते, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण मी रोज बघतो म्हणून सांगतो, कंद मरत नाही. हातात घेतला की कळतं. कांद्यासारखा गच्च असतो, आणि झोपलेलं पोर उचलताना जसं जड लागतं तसा जड. थंडीत ठेवलेला असतो तेव्हाही त्याच्या पोटात कोंब तयारच असतो. झोपलेला उठला यात नवल ते काय? मीही रोज उठतो, मुकादमाच्या शिव्यांनी. खरोखर मेलेला कंद वेगळा असतो. पेटी उघडली की आधी त्याचा वास येतो, मग तो दिसतो.

तुझ्या गाठीचं सांगायला मावशीचा पहिला फोन आला तेव्हा आम्ही कंद निवडत होतो. त्या आठवड्यात मी एक वेडेपणा केला. असा एक सडका कंद हाताला लागला, बोट लावलं तर बोट आत गेलं. तो मी टाकायच्या बादलीत टाकला नाही. चांगली कुंडी घेतली, चांगली माती घेतली, त्याला पुरलं आणि गरम पाइपाच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात ठेवलं. मनात म्हटलं, प्रभू, एवढा एक उठव. फूल नको, नुसता कोंब दाखव. तुला माहीत आहे, मी प्रार्थनेला बसलो की माझा पाय हलत असतो आणि तू वरून गुडघ्यावर हात ठेवतेस. पण त्या कुंडीपुढे मी उकिडवा बसायचो आणि पाय हलायचा नाही. रोज पाणी घातलं. वरची माती जराशी फुगल्यासारखी दिसली तर दिवसभर मी पाइपाकडे चकरा मारायचो.

शेवटी माश्या लागल्या आणि मुकादमाने शोधून काढलं. म्हणाला, यात काय लावलंयस? मी म्हटलं, कंद. त्याने कुंडी उपडी केली. काळा लगदा पडला, दुसरं काही नाही. म्हणाला, अरे हे तर केव्हाच मेलंय, मेलेल्याला पाणी घालत होतास? तेवढ्यात पोपट मागून बोलला, साहेब, याच्या देवाचा धंदाच मेलेल्यांचा आहे. बाकीचे हसले. मुकादमाने माझ्याकडे बघितलं आणि तो हसला नाही. मला वाटलं, आता दिवसाचा पगार कापणार. पण एवढंच म्हणाला, जा, हात धू. पोपटाने त्या दिवशी त्याच्या पावातली अंडी मला दिली, पण माफी काही मागितली नाही. त्याची तऱ्हा तशीच आहे.

आई, नळाखाली हात धरून मी उभा होतो आणि मला पहिल्यांदा कळलं की आपण दर वर्षी उभं राहून काय म्हणतो. लहानपणापासून ऐकत आलो, प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे. टाळ्या वाजवल्या, नवा सदरा घातला, घरी येऊन झोपलो. आपण कधी थांबून बघितलं का, की आपण त्या लगद्याबद्दल बोलतोय? कंदाबद्दल नाही, लगद्याबद्दल. ज्याला वास सुटलाय, ज्यात कोंब नाही, ज्याला पाणी घालून काही होत नाही, तो उठला असं आपण म्हणतो. मला इतकी भीती वाटली की मी नळ बंद करायला विसरलो. कारण हे खोटं असेल तर बाबा त्या कुंडीत आहेत. आणि खरं असेल तर ते एवढं मोठं आहे की ते माझ्या डोक्यात मावत नाही, आणि तुझ्या मात्र मावतं, तेही शिवणाच्या टोपलीत ठेवल्यासारखं, सुई, कात्री, रिळं आणि पुनरुत्थान.

बाबांचं बटण आठवतं तुला? मला रोज आठवतं. घरात माणसं दाटलेली, बाबा पेटीत झोपवलेले, झाकण लावायला माणूस हातोडी घेऊन उभा. आणि तू म्हणालीस, थांबा. सदऱ्याचं वरचं बटण नव्हतं. तू सुई ओवलीस, पेटीवर वाकलीस आणि सगळ्यांसमोर बटण लावलंस, गाठ मारलीस, दोरा दाताने तोडलास. मावशी तुझ्या कानाशी म्हणाली, अगं वेडे, आता कोण बघतंय. तू अगदी साधेपणाने म्हणालीस, उठतील तेव्हा उघड्या छातीने का उभे राहतील? मी तुझ्या पदराला धरून उभा होतो. मला त्या क्षणी वाटलं की बाबा परगावी चाललेत, कुणाच्या तरी घरचे नळ दुरुस्त करायला, आणि आईने निघताना सदरा नीट केला. त्यामुळे मी रडलो नाही. लोक म्हणाले, पोरगं घट्ट आहे. घट्ट कसलं? तू बटण लावलंस म्हणून मला धीर होता.

आणि आता त्याच बटणाने तू माझा गळा आवळते आहेस. मावशीने मला सगळं सांगितलंय, अगदी तू सर्जनबाईंना काय म्हणालीस तेसुद्धा. बाई म्हणाल्या, छातीची डावी बाजू पूर्ण काढावी लागेल, पण अजून वेळ हातात आहे. आणि तू पर्स उचललीस आणि म्हणालीस, देवाने जेवढं अंग दिलं तेवढं मी परत नेणार, अर्धी मातीत गेले तर अर्धीच उठेन. मावशी म्हणाली, अगं तो देव आहे, शिंपी नाही, माप घेऊन बसलेला. तिच्यावर तू दोन दिवस रुसलीस.

मला हे लिहायला अवघड जातंय. मुलाने आईला लिहायची ही गोष्ट नाही. पण मी आता लाज बाळगून काय करू? ती जागा तुझी एकटीची नाही. मी तिथे तोंड लावून वाढलोय, त्यामुळे तिच्याबद्दल मला दोन शब्द बोलायचा हक्क आहे. तिने तिचं काम केलंय. पोट भरलंय माझं. तिला जाऊ दे. तू स्वतः गिऱ्हाइकाला काय सांगतेस? कसर लागलेला तुकडा माया करून ठेवला तर अख्खं कापड जातं. मग त्या तुकड्यावर एवढी माया का? आणि अर्धी उठशील असं तुला कुणी सांगितलं? प्रभू उठला तेव्हा त्याच्या हातांत खिळ्यांची भोकं होती की नव्हती? कुशीत भाला घुसला होता, त्याची जखम होती की नव्हती? एक शिष्य हट्टाला पेटला होता, बोट घालून बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणून. त्याला प्रभूने तीच भोकं दाखवली. देवाच्या मुलाला नवं कोरं अंग मिळालं नसतं का? पण तो भोकांसकट उठला, आणि त्याच्या माणसांनी त्याला त्या भोकांवरूनच ओळखलं. मग तू टाके घेऊन उठलीस तर तुला कोण परत पाठवणार आहे? बाबा काय म्हणतील, ही माझी बायको नव्हे? बाबा तर म्हणतील, टाका सरळ घातलाय, कुणी घातला?

मी शाळा सोडून पळालेला, मला शास्त्र काय कळतं असं तू म्हणशील. पण हे सगळं तूच मशीन चालवता चालवता सांगितलेलं आहे. मी ऐकत नव्हतो असं तुला वाटायचं, कारण मी तेव्हा दारातून आत-बाहेर करत असायचो. ऐकत होतो. तूच सांगितलंस की मित्र मेला तेव्हा प्रभू त्याच्या कबरेपाशी गेला आणि रडला. मला तेव्हाही ते विचित्र वाटलं होतं. थोड्या वेळाने त्याला हाक मारून उठवणार होता, हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. म्हणजे मरण ही त्याला किरकोळ गोष्ट वाटली नाही. त्या मित्राच्या दोन्ही बहिणी तोंडावर म्हणाल्या, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता, आणि तो त्यांच्यावर चिडला नाही. आणि पकडायच्या आधी बागेत तो घामाघूम होऊन काय मागत होता? हा मरणाचा पेला टळला तर टाळ, असंच ना? टळला नाही, तेव्हा मग प्यायला. आधी मागून तर बघितलं! तू मागितलंसही नाहीस. तुझ्यापुढे पेला यायच्या आधीच तू हात पुढे करून उभी, शिवाय तो ठेवायला जागाही घेऊन आलीस. याला श्रद्धा म्हणतात की घाई, ते तू मला सांग. मी रोज घाई केलेल्या कुंड्या ढिगावर नेऊन टाकतो.

तुझी घाई कशाची आहे तेही मला कळतं. तू थकलीस. बाबांशिवाय एकटीने एवढी वर्षं काढलीस, मी एक राहिलो होतो तोही जगाच्या टोकाला येऊन बसलो. संध्याकाळी मशीन बंद केल्यावर घरात काय आवाज असतो हे मला माहीत आहे, काहीच नसतो. त्यात तुला तिकडे बाबा दिसतात आणि इकडे नुसती माझी पत्रं. मी बाबांशी कसा भांडणार? मेलेल्या माणसाचं सगळं बरंच असतं, तो उधळत नाही, नोकऱ्या सोडत नाही, पत्र लिहायला विसरत नाही.

पण ईस्टरच्या पहाटेचं काय करू ते सांग. अंधारात सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जायची, आणि फाटकाशी पाळकसाहेब मोठ्याने म्हणायचे, प्रभू उठला आहे, आणि सगळे म्हणायचे, खरोखर उठला आहे. तू ते एकदा म्हणायचीस. मग बाबांच्या कबरेपाशी बसून, मातीवर हात ठेवून तू पुन्हा म्हणायचीस, जरा जाड आवाज काढून, बाबांच्या वाटचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पोरं कोपराने डिवचायची, तुझी आई बघ, दोघांचं बोलतेय. मी मेणबत्ती दुसऱ्या हातात घेऊन लांब जाऊन उभा राहायचो. तिसऱ्यांदा तू माझ्याकडे बघायचीस, आता तू म्हण म्हणून. मी ओठ हलवायचो. आवाज काढला नाही कधी. तुला ते कळायचं, मग माझ्या वाटचंही तूच म्हणून टाकायचीस. आई, मी आजवर स्वतःच्या तोंडाने ते म्हटलेलं नाही. एकदाही नाही. माझ्याकडे जो काही विश्वास आहे तो तुझ्या आवाजातला आहे. इथे काचघरात कुंड्या ढकलताना मी मनात म्हणून बघतो, तेव्हाही मला तूच म्हणताना ऐकू येतेस. तू गेलीस तर तुझ्या कबरेवर हात ठेवून तुझ्या वाटचं कोण म्हणणार? मला म्हणावं लागेल. आणि मला तो काळा लगदा दिसेल. आणि माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, आणि तुम्ही दोघं शेजारी शेजारी पडून राहाल आणि तुमच्या बाजूने उत्तर द्यायला कुणी नसेल. मला मरणाची भीती नाही वाटत, त्याची वाटते. तू म्हणतेस तू उठशील. उठशील गं, पण तोवर मी कुणाच्या भरवशावर मानू?

तेव्हा मला अजून थोडा वेळ दे. उभं राहून तिसरं उत्तर द्यायला शिकेपर्यंत तरी. मेल्यावर उठायचं ते उठ, मी आड येत नाही. त्याआधी एकदा दवाखान्याच्या खाटेवरून उठून दाखव. तेवढं पुनरुत्थान मला पुरे आहे, बाकीचं मी त्यावरून ताडीन.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. इतका वेळ भांडत बसलो कारण ते लिहायला हात होत नव्हता. तू लिहिलंस, यंदा ईस्टरला ये, एकदा पहाटे माझ्या शेजारी उभा राहा, मग देव नेईल तेव्हा नेवो. मी येत नाही, आई. तिकिटाचे पैसे जमले होते. जाऊन खिडकीच्या रांगेत उभाही राहिलो होतो, माझ्यापुढे दोनच माणसं राहिली होती. तिथे मला कळेना, मी हे तिकीट तुला भेटायला काढतोय की तुला पोचवायला. मी रांगेतून बाहेर पडलो. ते पैसे खाली लिहिलेल्या रकमेत आहेत. मुकादमाला सांगून पुढच्या हंगामाची उचल घेतली, तीही त्यातच आहे, म्हणजे पुढच्या वर्षीचा ईस्टर होईपर्यंत मला इथून हलता येणार नाही. थोडे पोपटाचे आहेत. न मागता दिले, म्हणाला, तुझ्या देवाला सांगू नकोस. सर्जनबाईंनी ईस्टरनंतरच्या मंगळवारची तारीख धरून ठेवलीय, त्या मावशीला म्हणाल्या, त्यापुढे मी शब्द देऊ शकत नाही. मावशी मला बजावत होती, या वेळी पैसे सरळ दवाखान्यात भर, तिच्या हातात दिलेस तर दगड कोरून आणेल, नावासकट. मी खूप विचार केला. पण तुला न विचारता, फसवून खाटेवर झोपवलं तर जागी झाल्यावर तू माझ्याकडे कशी बघशील, ते मला बघवणार नाही. म्हणून पैसे तुझ्याच नावावर पाठवतोय. दगड घ्यायचा तर घे, मी आडवा येणार नाही, यायला तिथे आहेच कुठे. पण मंगळवारी सकाळी मी काचघरात असेन, रिकाम्या रांगा धुवत, आणि मावशीचा फोन वाजायची वाट बघत. मावशीने मला एवढंच सांगावं, की तू आत गेलीस.

तुझाच,
भिंगरी

पाठवले : एक लाख बासष्ट हजार चारशे रुपये.